बॅच अडकण्याआधी: एएचयूच्या ब्लोअरची कंपन-तपासणी

गोळ्यांच्या कारखान्यात बॅच चालू असताना एएचयूचा (एअर हँडलिंग युनिटचा) ब्लोअर बंद पडला, की खोल्यांमधला दाबफरक जातो, एका खोलीतली पावडर दुसरीत शिरण्याचा धोका उभा राहतो आणि अख्खी बॅच क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) चौकशीत अडकते. हे औषध कुणाच्या तरी पोटात जाणार आहे, त्यामुळे ही चौकशी टाळता येत नाही, टाळूही नये. टाळायचं आहे ते ब्लोअरचं अचानक बंद पडणं. त्यासाठी ब्लोअरवर कंपन मोजणारे सेन्सर बसवायचे.

पहिली भेट क्यूएची. सेन्सर बसवणं हासुद्धा बदलच आहे. चेंज कंट्रोल मंजूर झाल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

ब्लोअर एएचयूच्या पेटीत असतो आणि चालू असताना तिचं दार उघडायचं नसतं. म्हणून शटडाउनमध्ये, वीज तोडून आणि कुलूप लावून, सेन्सर कायमचे बसवा. मोटर आणि ब्लोअर या दोघांच्याही बेअरिंग-हाउसिंगवर रंग खरवडून सपाट जागा करा. गार्डच्या पत्र्यावर सेन्सर नको. पत्रा स्वतःच थरथरतो. केबल बाहेर काढलेलं भोक नीट सील करा, नाहीतर तिथून हवा गळेल.

बेल्ट, ग्रीस, बोल्ट तपासून यंत्र ठणठणीत असतानाची रीडिंग काही आठवडे घ्या. हीच तुमची आधाररेषा.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा. फिल्टर चोंदत गेले, की हवेचा प्रवाह टिकवण्यासाठी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ब्लोअरचा वेग वाढवतो. वेगाबरोबर कंपनही बदलतं आणि बेअरिंग बिचारं निर्दोष असताना बदललं जातं. प्रत्येक रीडिंगसोबत व्हीएफडीचे हर्ट्झ आणि फिल्टरचा दाबफरक नोंदवा. तुलना सारख्या वेगाच्या रीडिंगशीच करा.

आयएसओ २०८१६-३ (२०२२ पूर्वीचं १०८१६-३) प्रमाणे १५ ते ३०० किलोवॅटचं, स्प्रिंगसारख्या लवचीक पायावरचं यंत्र ४.५ मिमी प्रति सेकंदाच्या वर फार काळ चालवू नये, ७.१ च्या वर नुकसानीचा धोका. पण माझा भर आकड्यापेक्षा चढावर आहे. कंपन आधाररेषेच्या दुप्पट झालं, तर मर्यादेची वाट कशाला पाहायची?

मग कंपनाचा स्पेक्ट्रम उघडा. ब्लोअर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल, तर २४ हर्ट्झवरचा उंच सुळका बहुधा असंतुलन दाखवतो: आधी पाती साफ करा. बेअरिंगचं सुरुवातीचं दुखणं मात्र एकूण कंपनात उशिरा दिसतं. त्यासाठी एन्व्हलप स्पेक्ट्रम पाहावा लागतो.

निदान पक्कं झालं, की प्लॅनिंगबरोबर बसून दोन बॅचच्या मधली वेळ मागून घ्या. बेअरिंग बदलल्यावर हवेचा प्रवाह आणि खोल्यांचा दाबफरक पुन्हा मोजा, नवी आधाररेषा घ्या.

जुनं बेअरिंग भंगारात टाकू नका. कापून त्याच्या रेसवर खड्डे आहेत का पाहा, फोटो फाइलला लावा. खड्डे नसतील तर अलार्मची मर्यादा बदला, तीही क्यूएच्या सहीनं.