चड्डीवर रक्ताचा डाग, पण पाळी नव्हे

प्रश्न : माझी मुलगी ६ वर्षांची आहे. चार दिवसांपासून तिच्या चड्डीवर रक्ताचे डाग दिसतात. शूच्या जागी लालभडक गोळा आलाय. सासूबाई म्हणतात, पाळी आली. मला तर नको नको ते विचार येतात.

उत्तर : ताई, तुमची घालमेल समजते. या वयात मूत्रमार्गाचे आतले अस्तर बाहेर सरकते, तेव्हा नेमके असेच दिसते : लाल-जांभळी, सुजलेली कडी आणि बरोबर मध्ये लघवीचे छिद्र. ते छिद्र दिसले की निदान बहुतेक तिथेच होते. पण तपासणी डॉक्टरांनीच करायला हवी, कारण रक्तस्रावाची इतर कारणेही असतात. ते मुलीशी हळुवार बोलतील, काही नाजूक प्रश्न विचारतील. राग मानू नका.

लहान मुलींत आणि पाळी गेलेल्या बायकांत एस्ट्रोजेन कमी असल्याने तिथली त्वचा नाजूक असते. त्यात खोकला किंवा कुंथण्याचा जोर पडतो. म्हणून मी आधी विचारतो, पोट साफ होते का? बद्धकोष्ठता हटली नाही तर मलम लावूनही त्रास परत येतो.

दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसवा. एस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर सांगतील तेवढेच, काही आठवडे. बोटाने आत ढकलू नका, हळद-तुरटी लावू नका.

गोळा काळा पडला, लघवी अडली किंवा रक्त थांबेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. औषधाने न बसल्यास सरकलेला भाग छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. पाळी गेलेल्या बाईला असा गोळा आला, तर गाठ नाही ना, हेही तपासावे लागते.