नव्या विद्यार्थ्याचा फोल्डर सर्व्हरवर तयार होत नाही? आधी तपासा, मग खर्च करा

शाळेचा संगणक कक्ष असो, पतसंस्था असो की कर सल्लागाराचे कार्यालय, नाशिक जिल्ह्यातल्या कळवणसारख्या गावातही आता वीस-पंचवीस संगणक एका सर्व्हरला जोडलेले असतात. नव्या माणसाने आपल्या नावाने पहिल्यांदा लॉगिन केले की त्याचा स्वतंत्र फोल्डर सर्व्हरवर आपोआप तयार व्हावा आणि त्याचे काम तिथेच साठावे, अशी सोय बसवताना करून दिलेली असते. एक दिवस ही सोय थांबते. जुन्यांचे काम सुरळीत चालते. नव्यांना मात्र फोल्डर सापडत नसल्याचा संदेश येतो, किंवा लॉगिन होऊनही फाइल सेव्ह करायला जागा मिळत नाही.

अशा वेळी ‘सर्व्हर जुना झाला, बदलून टाका’ हा सल्ला फार लवकर मिळतो. तो लगेच मानू नका. जुन्या वापरकर्त्यांच्या फाइली उघडतात आणि सेव्हही होतात, म्हणजे यंत्र, डिस्क आणि नेटवर्क चालू आहे. मग दोष बहुधा एखाद्या सेटिंगमध्ये किंवा परवानगीत असतो. त्याला नवे सामान लागत नाही, जाणकार माणसाचे दोन-तीन तास लागतात. खर्चाचा विचार तिथूनच सुरू करायला हवा.

कोणाला बोलावण्यापूर्वी अर्धा तास स्वतः द्या. एकाच संगणकावर आधी जुन्या आणि मग नव्या नावाने लॉगिन करून पाहा. तेच नवे नाव दुसऱ्या संगणकावरही वापरून पाहा. नवे नाव एकाच संगणकावर अडत असेल तर सर्व्हरला हात लावायचे कारण नाही. त्या संगणकाची तारीख-वेळ बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ मागे जाते, आणि डोमेन पद्धतीच्या, म्हणजे सगळ्यांची खाती सर्व्हरवरच असलेल्या नेटवर्कमध्ये सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला तर सर्व्हर ओळख पटवून घेत नाही. हा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो.

नवे नाव सगळीकडे अडत असेल तर सर्व्हरसमोर बसा. अॅडमिन खात्याने, जिथे हे फोल्डर तयार व्हायला हवेत तिथे हाताने एक रिकामा फोल्डर करून बघा. ही साधी चाचणी अर्धे निदान करून देते. फोल्डर झाला, तर डिस्क ठीक आहे आणि दोष आपोआप करणाऱ्या व्यवस्थेत आहे. झाला नाही, तर डिस्क भरली आहे किंवा तिच्यावर लिहिणे बंद झाले आहे.

डिस्क भरली असल्यास नवी घेण्याआधी हिशेब मांडा. 60 विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या, प्रत्येकाला 2 जीबी, म्हणजे 180 गुणिले 2, एकूण 360 जीबी. त्याला 1 टीबीची डिस्क पुरून उरते. तरीही ती भरली असेल तर पास होऊन गेलेल्यांचे फोल्डर, मोबाइलवरून ओतलेले व्हिडिओ किंवा तिथेच साठत गेलेले बॅकअप हे कारण असते. प्रत्येकाची मर्यादा ठरवून देण्याची सोय विंडोज सर्व्हरवर, लिनक्सवर आणि तयार नॅस पेट्यांवरही (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या छोट्या यंत्रांवर) असते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

लिहिणे बंद होण्याचा प्रकार आपल्या भागात नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याचा संबंध विजेशी आहे. डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवरचा सर्व्हर अचानक वीज जाऊन बंद पडला आणि त्यात डिस्कवरच्या नोंदी बिघडल्या, तर पुढचे नुकसान टाळण्यासाठी ही प्रणाली डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवते. जुन्या मुलांच्या फाइली उघडतात, पण सेव्ह होत नाहीत, आणि नव्यांचे फोल्डर तर होतच नाहीत. खूण पटली की आधी सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच दुरुस्तीची आज्ञा चालवू द्या. ही दुरुस्ती तासाभराचे काम आहे. पण महिन्याभरात पुन्हा तेच झाले तर यूपीएसची बॅटरी किंवा डिस्क शेवटाला आली आहे. अशा वेळी सामानावरचा खर्च खरोखर गरजेचा असतो, तो टाळू नका.

विजेमुळेच होणारा दुसरा घोळ जास्त फसवा आहे. डेटाची डिस्क वेगळ्या पेटीत असते. वीज आल्यावर सर्व्हर आधी चालू होतो, पेटी मागून जागी होते. तेवढ्यात कोणी लॉगिन केले तर सर्व्हर त्याचा फोल्डर स्वतःच्या लहान डिस्कवर करून टाकतो. दुसऱ्या दिवशी खरी डिस्क जोडली जाते आणि तो फोल्डर दिसेनासा होतो. मूल सांगते की काल केलेला प्रकल्प गेला. तो गेलेला नसतो, जोडलेल्या डिस्कच्या खाली झाकला गेलेला असतो. डिस्क सोडवून पाहिली की सापडतो. ‘डेटा परत मिळवण्याचे’ वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी हे तपासायला सांगा.

आणखी एक. सर्व्हर म्हणून साधा विंडोज 10 किंवा 11 प्रो असलेला संगणक वापरला असेल तर त्याला एका वेळी जास्तीत जास्त 20 जोडण्या चालतात. 25 संगणकांच्या कक्षात शेवटच्या पाच मुलांना रोज अडचण येते आणि ती पाच मुले रोज वेगळी असतात. ही परवान्यातच घातलेली मर्यादा आहे, सेटिंग बदलून जात नाही. इथे सर्व्हरची प्रणाली बदलण्याचा खर्च योग्य आहे.

नेमके बिघडते कुठे

आता आपोआप फोल्डर करणाऱ्या व्यवस्थेबद्दल. तंत्रज्ञाशी बोलताना एवढे माहीत असले तर तो तासन्‌तास अंदाज बांधत बसणार नाही आणि त्या अंदाजाचे बिल तुम्हाला लागणार नाही.

विंडोज सर्व्हरवर गैरसमज असा असतो की खात्यात होम फोल्डरचा पत्ता भरला की पहिल्या लॉगिनला फोल्डर होतो. प्रत्यक्षात अॅक्टिव्ह डिरेक्टरी या खाती सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या खिडकीत हाताने पत्ता भरून ‘ओके’ दाबले की ती खिडकीच त्या क्षणी फोल्डर करते. जूनमध्ये दीडशे मुलांची यादी एक्सेलमधून पॉवरशेलने (विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाने) एकदम चढवली तर खात्यांत पत्ता भरला जातो, पण फोल्डर कोणीच करत नाही. म्हणून गेल्या वर्षी हाताने घातलेल्यांचे चालते आणि यंदाच्यांचे अडते. उपाय लहान आहे: त्याच यादीवरून फोल्डर करून प्रत्येकाला त्याचा हक्क देणारी काही ओळींची स्क्रिप्ट. ती तुमच्याकडे ठेवून जायला सांगा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये पुन्हा पैसे पडणार नाहीत.

विंडोजमध्येच फोल्डर रीडिरेक्शन, म्हणजे डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर सर्व्हरवर वळवण्याची सोय, वापरले असेल तर फोल्डर खरोखर पहिल्या लॉगिनला होतो. मात्र त्यासाठी वरच्या मुख्य फोल्डरमध्ये नवीन फोल्डर करण्याचा हक्क सर्व वापरकर्त्यांना असावा लागतो, आणि तोही त्या मुख्य फोल्डरपुरताच. इथे घाईचा इलाज म्हणजे सर्वांना सर्व हक्क देऊन टाकणे. लक्षण लगेच जाते, तंत्रज्ञ बिल घेऊन निघतो, आणि त्या दिवसापासून कोणताही विद्यार्थी कोणाचीही फाइल उघडू किंवा पुसू शकतो. पतसंस्थेत असे झाले तर सभासदांची कागदपत्रे सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली होतात. असा इलाज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

लिनक्सवर फाइल सर्व्हरचे काम सांबा करते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मोफत आहे. लिनक्सकडे फोल्डर आपोआप करणारा पॅम एमकेहोमडिर हा घटक आहे, आणि तंत्रज्ञ तो बसवतो. सर्व्हरवर थेट लॉगिन करून पाहतो, फोल्डर होतो, काम झाले म्हणून सांगतो. मुले विंडोजवरून येतात तेव्हा मात्र होत नाही. कारण सांबाच्या मार्गाने आलेल्या माणसासाठी हा घटक चालत नाही, जोपर्यंत सांबाच्या फाइलमध्ये ‘ओबे पॅम रिस्ट्रिक्शन्स’ ही ओळ ‘येस’ केलेली नाही. मुळात ती ‘नो’ असते. एका ओळीचा हा फरक. दुसरा मार्ग म्हणजे जोडणी होण्याआधी फोल्डर करणारी ‘रूट प्रीएक्झेक’ स्क्रिप्ट. डोमेनची खाती असतील तर फोल्डरचा ठरलेला पत्ता ‘होम’, त्यात डोमेनचे नाव, त्यात वापरकर्ता असा असतो. मधला डोमेनच्या नावाचा फोल्डर आहे ना, तेही पाहायला सांगा.

संगणकही लिनक्सचे आणि फोल्डर एनएफएसने (लिनक्सच्या फाइल-वाटप पद्धतीने) जोडलेले असतील तर प्रश्न वेगळा आहे. विद्यार्थ्याच्या संगणकावरचा अॅडमिन सर्व्हरवर अॅडमिन मानला जात नाही, त्याला मुद्दाम हक्कहीन केलेले असते. तो फोल्डर करू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. फोल्डर सर्व्हरवरच करावेत. ही सुरक्षा बंद करून प्रश्न सोडवणाऱ्याला थांबवा.

तयार नॅस पेटी असेल, उदाहरणार्थ सिनॉलॉजीची, तर वापरकर्त्यांच्या होम फोल्डरची सेवा सेटिंगमध्ये चालू आहे का एवढे बघा. डोमेनमधून येणाऱ्या खात्यांसाठी ती वेगळ्या ठिकाणी चालू करावी लागते. खर्च शून्य.

पैशांचा हिशेब

पुढचे दर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या तंत्रज्ञाचा दर घालून तुम्ही तोच हिशेब करा. ताशी 600 रुपये आणि तीन तास म्हणजे 1,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 324, एकूण 2,124 रुपये. हाच माणूस नाशिकहून आला तर जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर होतात. किलोमीटरला 12 रुपये धरले तर प्रवासाचेच 1,800, आणि बिल 4,248 वर जाते. तेच काम दूरस्थ पद्धतीने दोन तासांत झाले तर 1,416 रुपये. सेटिंगचा दोष दुरून दुरुस्त होतो, म्हणून आधी दूरस्थ तपासणी मागा. मात्र तो जोडलेला असेल तितका वेळ आपला माणूस पडद्यासमोर बसवा, आणि काम संपताच पासवर्ड बदला.

बोलावण्याआधी विचारायचे ते असे: वेळ घरून निघाल्यापासून मोजता की आमच्या दारात पोहोचल्यापासून? निदान झाले पण दुरुस्ती झाली नाही तर किती घेता? आठ दिवसांत तोच दोष पुन्हा आला तर? नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडाच्या गर्दीमुळे वणी-नांदुरीकडून येणारा रस्ता भरलेला असतो. त्या दिवसांत प्रत्यक्ष भेट ठरवली तर वाटेतल्या खोळंब्याचे पैसे तुमच्या माथी येऊ शकतात.

जीएसटीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेला माणूस बिलावर जीएसटी लावू शकत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर ते 18 टक्के देऊ नका.

सर्व्हर बदलायचीच वेळ आली तर परवान्याचा खर्च आधी पाहा. विंडोज सर्व्हर 2025 स्टँडर्डची 16 कोअरसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली किंमत 1,176 डॉलर आहे, आणि प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा संगणकासाठी प्रवेश परवाना वेगळा घ्यावा लागतो. स्वस्तात कोणी ‘फुल व्हर्जन’ टाकून देत असेल तर तो परवाना नव्हे. लिनक्स आणि सांबाला परवान्याचे पैसे नाहीत, माणसाचा वेळ लागतो. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला शिकायची आवड असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतून मोफत आहेत. कळवणसारख्या ठिकाणी गावातच जाणता माणूस असणे वार्षिक करारापेक्षा जास्त उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा खर्चही धरा. 20 वॅट घेणारी छोटी नॅस पेटी अखंड चालली तर महिन्याला 14.4 युनिट, 80 वॅटचा जुना संगणक सर्व्हर म्हणून चालला तर 57.6 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला पाच हजारांहून अधिक फरक पडतो. जुन्या संगणकाचा फुकटचा सर्व्हर म्हणूनच दिसतो तितका फुकट नसतो.

बिल देण्यापूर्वी स्वतःसमोर एवढे करून घ्या. तीन नवी खाती काढायला सांगा आणि दोन वेगळ्या संगणकांवरून लॉगिन करून फाइल सेव्ह करा. एका खात्यातून दुसऱ्याचा फोल्डर उघडायचा प्रयत्न करा. तो उघडता कामा नये. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा आणि चौथ्या नव्या खात्याने लॉगिन करा. अनेक दुरुस्त्या सर्व्हर पुन्हा चालू होईपर्यंतच टिकतात. अॅडमिन पासवर्ड, बदललेल्या सेटिंगची प्रत आणि काय बदलले याचा कागद तुमच्या ताब्यात घ्या. पासवर्ड तंत्रज्ञाकडेच राहिला तर पुढच्या प्रत्येक वेळी दर तो ठरवील.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते, म्हणून कळवणच्या ग्राहकासाठी नाशिकचा जिल्हा आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मात्र धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात सहसा बसत नाही, त्यामुळे कार्यालये आणि संस्थांनी कामाची व्याप्ती, दर आणि हमी आधीच कागदावर घ्यावी. जूनमध्ये नवी तुकडी दारात उभी असताना दर पाडून मागता येत नाही. शाळांनी ही चार खात्यांची चाचणी मे महिन्यातच उरकून घ्यावी.