डेक मागवण्याआधी जरा ऐक

अगं, पैसे साठवलेस, कौतुक आहे तुझं. पण स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक मागवण्याआधी एक सांग, तू रोज खेळतेस काय? व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट एवढंच उत्तर असेल, तर राहू दे बाई. डेकच्या लिनक्सवर ते चालत नाहीत. यंत्र कमी पडतं असं नाही, त्यांची अँटी-चीट, म्हणजे लबाडी रोखणारी यंत्रणा, लिनक्सला दारातूनच परत पाठवते. एपेक्स लेजंड्स आधी मस्त चालायचा, 2024 च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या निर्मात्यांनीही लिनक्सवाल्यांना बंदी केली.

हेडीज, स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट असले एकटीने रमायचे गेम आवडत असतील, तर मात्र खुशाल घे. आणि लिनक्स म्हटलं की लगेच कमांडांच्या काळ्या खिडक्या डोळ्यांपुढे आणू नकोस. विंडोजसाठी लिहिलेला गेम आणि लिनक्स यांच्यामध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषा बसलेला असतो. डेक बनवणाऱ्या वाल्व्हने तो वाइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या पायावर बांधून 2018 मध्ये आणला. तू फक्त इन्स्टॉल करायचंस आणि खेळायचंस.

स्टीम या वाल्व्हच्या गेम-दुकानात ‘हा डेकवर चालतो’ सांगणारी हिरवी खूण असते, तिच्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नकोस हं. प्रोटॉनडीबी या साइटवर खेळणारेच आपापले अनुभव लिहितात, कुठे अडलं, कोणती सेटिंग बदलली वगैरे. गेम घेण्याआधी ते वाच. तरीही फसलीस, तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमला परत करता येतो. पैसे मागायला लाजायचं कशाला?

आता बॅटरी. मोठा गेम ती बघता बघता पिऊन टाकतो. उजव्या ट्रॅकपॅडखाली तीन ठिपक्यांचं बटण आहे, ते दाब आणि फ्रेम-मर्यादा 40 वर आण. सात इंचांच्या पडद्यावर, निवांत गेममध्ये, 60 आणि 40 मधला फरक मला तरी खुपत नाही. तिथेच टीडीपीची, म्हणजे चिप किती वीज खाणार याची, मर्यादा आहे, तीही थोडी उतरव. पंख्याची घरघर कमी होईल, आईची कटकटही. परवडत असेल तर ओलेडवालाच घे; त्याची बॅटरीच मोठी, 50 वॅट-तासांची.

आणि हो, वाल्व्ह भारतात डेक थेट विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला. तेव्हा बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घे, मगच पैसे मोज.