कोणता शेवट खरा धरावा?

(तरुण संघाच्या अभ्यासासाठी. वाचन : लूक १:१-४, मार्क १६:१-२०)

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील आपल्या मंडळ्यांत मुले मोबाइलवर व संगणकावर खेळ खेळतात, हे आता कोणत्याही आईबापांस नवे नाही. त्या खेळांविरुद्ध तक्रारीचे लेख पुष्कळ झाले. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाही. त्या मुलांमध्येच चालणारा एक वाद आम्ही येथे अभ्यासास घेत आहोत. कारण तो वाद ज्या शब्दाभोवती फिरतो, तो शब्द त्यांनी आपल्याच घरातून उचललेला आहे. तो शब्द म्हणजे 'कॅनन'.

ज्या वडीलधाऱ्यांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. काही खेळांत एक लांबलचक कथा असते, आणि मोक्याच्या ठिकाणी नायकाने काय करावे हे खेळणारा ठरवतो. 'मास इफेक्ट' (२००७) या खेळात शेपर्ड नावाचा सेनानी पुरुष असावा की स्त्री, येथपासूनच निवड सुरू होते. पुढे एका प्रसंगी दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येते. दुसरा प्राणास मुकतो. निपाणीच्या मुलाने एकाला वाचवले आणि बेळगावच्या त्याच्या मावसबहिणीने दुसऱ्याला, तर तेथून दोघांच्या कथा वेगळ्या झाल्या. एवढ्यात काही बिघडत नाही. पण खेळाचा दुसरा भाग निघतो तेव्हा प्रश्न उभा राहतो, की मेले कोण आणि जिवंत कोण?

या खेळाच्या कर्त्यांनी एक कष्टाचा मार्ग काढला. पहिल्या भागातील निर्णयांची नोंद दुसऱ्या (२०१०) व तिसऱ्या (२०१२) भागांत नेण्याची सोय त्यांनी केली. हे सर्वांना परवडणारे नाही. दोहोंतून एक अशी निवड दहा वेळा करू दिली, तर १,०२४ निरनिराळ्या वाटा होतात. तेवढ्या कथा कोण लिहिणार? म्हणून बहुतेक कर्ते त्यांतील एक वाट निवडतात व सांगतात, की 'हेच घडले असे धरून पुढे चला.' मुलांच्या भाषेत ते झाले 'कॅनन'. दुसऱ्या वाटेने गेलेला खेळाडू मग विचारतो, "मी तीन आठवडे जे केले ते खोटे होते का?" मोठ्यांना हे हसण्यासारखे वाटेल. आम्हांला ते तसे वाटत नाही. विचारपूर्वक, कधी डोळ्यांत पाणी येऊन केलेली निवड दुसऱ्याने एका ओळीत पुसून टाकावी, ही गोष्ट लागणारच.

कॅनन हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ मोजपट्टी. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो त्या जातीचे हे साधन. श्रद्धा व आचरण ज्या ग्रंथांवरून तपासावयाचे त्यांच्या यादीला मंडळीने हे नाव दिले. गोष्टींच्या जगात हा शब्द गेला तो शेरलॉक होम्सच्या चाहत्यांमुळे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने (हे गृहस्थ पुढे धर्मगुरू झाले) १९११ साली पवित्र शास्त्राच्या चिकित्सेची पद्धत होम्सच्या कथांना विनोदाने लावून दाखवली. विनोद मागे पडला, शब्द राहिला.

आता खेळांचे कर्ते हा तिढा कसा सोडवतात ते पाहू. पहिला मार्ग धन्याच्या हुकमाचा. 'स्टार वॉर्स'च्या एका खेळात (२००३) नायक सन्मार्गाने जाईल की कुमार्गाने, हे खेळणाऱ्याच्या हाती होते. पुढच्या पुस्तकांनी मात्र तो पुरुष होता व सन्मार्गानेच गेला असे धरले. नंतर २०१४ च्या एप्रिलमध्ये मालक कंपनीने अशी सर्व जुनी पुस्तके व खेळ 'दंतकथा' या सदरात टाकले. म्हणजे प्रमाण म्हणून ज्याला जपले तेही एका घोषणेने गेले. दुसरा मार्ग सर्वांना एकत्र कालवण्याचा. 'डेऊस एक्स' (२०००) या खेळाला तीन शेवट होते. २००३ च्या पुढच्या भागाने तिन्हींचे तुकडे जोडून एक इतिहास बनवला. 'डॅगरफॉल' (१९९६) याचे तर अनेक शेवट. त्याच्या पुढच्या खेळांत सांगितले, की तेव्हा काळच दुभंगला आणि ते सर्व शेवट एकदम घडले! युक्ती गमतीची आहे, पण कोणाचेच पूर्ण समाधान करीत नाही. तिसरा मार्ग विचारण्याचा. 'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५) याच्या शेवटी मैत्रीण वाचवायची की गाव, असा पेच आहे. त्याच नायिकेची पुढची कथा २०२४ साली आली, तेव्हा खेळणाऱ्याला आरंभीच विचारले गेले, की तुम्ही काय निवडले होते?

मंडळीच्या इतिहासात यांतील दुसऱ्या मार्गाचा नमुना आहे. सुमारे इ. स. १७० मध्ये तातियान नावाच्या सिरियाकडील ख्रिस्ती लेखकाने चार शुभवर्तमाने एकत्र विणून एकच सलग वृत्तांत केला. कबरेपाशी देवदूत एक की दोन, असले प्रश्न मग उरतच नाहीत. सिरियातील मंडळ्यांत तो दीर्घकाळ वाचला जात होता. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपाने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या व त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने दिली. एक सोयीचा वृत्तांत हाती असताना, न जुळणाऱ्या कडांसह चारही साक्षी ठेवणे मंडळीने पसंत केले. हा निर्णय आम्हांला फार धीराचा वाटतो.

येथे आपल्या तरुणांनी एका गोष्टीविषयी सावध असावे. मोबाइलवरील अनेक चित्रफितींत सांगतात, की इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने बायबलमधील पुस्तके निवडली. म्हणजे जणू खेळाच्या कंपनीप्रमाणे हुकूम काढला. निकेयात वाद होता तो ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी. पुस्तकांची यादी तेथे ठरली नाही. आज आपल्या नव्या करारात आहेत ती २७ पुस्तके, तेवढीच, एका यादीत दिसतात ती अथानासियसच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. तोपर्यंत बहुतेक पुस्तके मंडळ्यांतून कित्येक पिढ्या वाचली जात होती, आणि याकोब, यहूदा, २ पेत्र यांविषयी उघड शंकाही घेतल्या जात होत्या. ही यादी एका दिवसात कोणी लादलेली नाही. वाचता वाचता ती ओळखली गेली.

मग मार्कच्या शेवटाचे काय? चौथ्या शतकातील दोन थोर हस्तलिखिते, सिनाई व व्हॅटिकन येथली, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबतात. स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळतात आणि कथा तेथेच संपते. पुढची बारा वचने पुष्कळ प्रतींत आहेत, आणि इ. स. १८० च्या सुमारास इरेनियसला ती ठाऊक होती. अर्वाचीन भाषांतरांत तेथे बहुधा कंस किंवा टीप असते. ती टीप वाचून कोणी घाबरू नये. आपल्यापाशी किती प्रती आहेत व त्या काय म्हणतात, हे वाचकापासून न लपवणे हा प्रामाणिकपणा आहे. आपल्या मराठीतही हे घडले आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीत नकला करताना पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती पडताळून ती शुद्ध केली आणि कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली.

पण साम्य येथे संपते. खेळाच्या कथेमागे घडलेली घटना नाही. खेळणाऱ्याने निवड करण्यापूर्वी तेथे काहीच झालेले नव्हते. म्हणून तेथे 'खरे' म्हणजे 'पुढचा भाग जे गृहीत धरील ते', इतकेच. लूकने आरंभी सांगितले आहे ते निराळे. आधी काहीतरी घडले, ते पाहणारे होते, आणि त्याने शोध करून लिहिले. तेथे प्रश्न पडतो तो साक्ष कोणाची विश्वसनीय, हा. मालकाच्या मर्जीने ती साक्ष खरी होत नाही आणि आपल्या आवडीनेही होत नाही.

त्या खेळाडूला मात्र उत्तर देणे राहिलेच. आपल्या भागातील माणसाला ते लवकर कळेल. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आपल्या शहराचे नाव बेळगावी आहे. अर्जावर तेच लिहावे लागते. म्हणून आजीने जन्मभर ज्याला बेळगाव म्हटले ते शहर खोटे ठरले काय? कागद पुढच्या कागदापुरते ठरवतो. तसेच कंपनीने कोणताही शेवट धरला, तरी तू त्या सोबत्याला वाचवण्यासाठी जे मन घातलेस ते घडून गेलेले आहे; पुढचा भाग त्यावरून चालणार नाही, एवढेच.

चर्चेसाठी : चार शुभवर्तमानांऐवजी तातियानाचा एकच वृत्तांत आपल्यापाशी असता, तर आपण काय गमावले असते? लूक १:१-४ मध्ये लेखक आपल्या कामाची कोणती पद्धत सांगतो? आणि तरुणांनी मोठ्यांना आपल्या खेळातील एक कठीण निवड समजावून सांगावी. मोठ्यांनी मध्ये न बोलता ती ऐकावी व आपण काय निवडले असते ते सांगावे.