फेरिंटॉशची गेलेली भट्टी

शेतमाल कच्चा न विकतां त्याचा पक्का माल करून विकावा, असा उपदेश शेतकऱ्यांस नेहमीं केला जातो, व तो योग्यच आहे. परंतु पक्क्या मालाचा नफा कशाच्या आधारावर उभा आहे, हें तपासल्यावांचून त्यांत भांडवल घालणें शहाणपणाचें नव्हे. याचें एक बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडच्या इतिहासांत आहे, तें आज वाचकांपुढें ठेवितों. मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. विषय शेतीच्या हिशेबाचा आहे.

उत्तर स्कॉटलंडांत इन्व्हरनेस शहराजवळ फेरिंटॉश नांवाची जहागीर होती. ती कलोडनच्या फोर्ब्स घराण्याची. पदच्युत राजा जेम्स याच्या पक्षाच्या लोकांनीं १६८९ सालीं ती लुटली. कारण जहागिरदार डंकन फोर्ब्स हे नवा राजा विल्यम याच्या बाजूचे होते. नुकसानभरपाई म्हणून १६९० सालीं स्कॉटिश पार्लमेंटनें त्यांस एक सवलत दिली. वर्षास ४०० मर्क भरावे, आणि जहागिरींत पिकलेल्या धान्याची दारू अबकारी कर न देतां गाळावी. ४०० मर्क म्हणजे इंग्रजी नाण्यांत अवघे २२ पौंड!

जव हें त्या भागांतील एक प्रमुख पीक. जव भिजवून, पसरून, मोड आणीत. मग ते वाळवून, दळून, गरम पाण्यांत कालवीत. तो गोड रस आंबवून तांब्याच्या भांड्यांत गाळला कीं व्हिस्की तयार होई. मागें राहिलेला चोथा गुरांस घालीत. वाईट रस्त्यांवरून धान्याच्या गोणी नेण्यापेक्षां दारूचें पिंप नेणें सोपें, आणि खंडास लागणारा रोख पैसाही त्यांतून सुटे. तेव्हां धंदा वाढला, व फेरिंटॉश हें नांव उत्तम व्हिस्कीचेंच नांव होऊन बसलें.

परंतु स्वस्ताईचें मूळ जमिनींत नव्हतें, कारागिरींतही नव्हतें. तें करमाफींत होतें. कर भरणारे इतर भट्टीवाले तक्रार करूं लागले. शेवटीं १७८४ च्या कायद्यानें ही सवलत रद्द झाली. कवि रॉबर्ट बर्न्स यानें 'स्कॉच ड्रिंक' या कवितेंत तिच्याबद्दल शोक केला. फोर्ब्स घराण्यास सुमारे २१,५०० पौंड भरपाई मिळाली. सवलत जमीनदाराच्या नांवें होती, म्हणून भरपाईही त्याच्याच नांवें झाली. जव पिकविणाऱ्या कुळाच्या नांवें सनदही नव्हती आणि हक्कही नव्हता.

पुढें जवळच्या डिंगवॉल गांवीं १८७९ मध्यें उभारलेल्या एका भट्टीनें १८९३ पासून फेरिंटॉश हें नांव घेतलें. तीही १९२६ मध्यें बंद पडली. नांव उसनें घेतां आलें, सवलत घेतां आली नाहीं.

यावरून घेण्याचा धडा उघड आहे. अनुदान, करमाफी किंवा संरक्षित भाव मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु त्यावांचून हिशेब जुळतो कीं नाहीं, हें वहींत वेगळें मांडून पाहावें. तसेंच करार व हक्क कोणाच्या नांवें आहेत, हें आधींच पाहावें. सवलत एका कायद्यानें मिळते आणि दुसऱ्या कायद्यानें जाते. तिच्या मागें उरतें तें आपलें शेत आणि आपला हिशेब.