विमा स्वस्त होतो तो रस्त्यावर

पालघर

चि. बाळास,

दादाने मालवाहतुकीचा धंदा तुझ्या हाती सोपवला, फार बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस की विम्याचा हप्ता झेपत नाही, कमी दरात करून देणारा एजंट आहे का. माझी सगळी नोकरी मोटार क्लेमच्या फायली बघण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहिते. एजंट बदलून वाचतं ते किरकोळ. खरी बचत गाडी कोण चालवतो, किती झोप घेऊन चालवतो आणि कागद पुरे आहेत का, यात आहे.

आधी हप्ता समजून घे. त्यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 20 ते 40 टन एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला तो 43,950 रुपये होता. त्यात कुणी घासाघीस करू शकत नाही. घासाघीस होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तिथे तुझा हक्काचा पैसा म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम नसला तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. समज, या भागाचा हप्ता 40,000 आहे आणि बोनस 50 टक्क्यांवर आलाय. केबिनचा पत्रा चेपला म्हणून 12,000 चा क्लेम टाकलास, तर घसारा वगैरे कापून हाती येईल त्याहून जास्त रक्कम पुढच्या वर्षीच्या हप्त्यात जाईल. असं नुकसान खिशातून भर. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तरी बोनस जातो.

हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली पाडून देणारे भेटतील. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर हाती येते ती तीच किंमत, आणि बँकेचे हप्ते मात्र पुरे भरावे लागतात. आणखी एक बघ. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर यांचं सुटं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी आयएमटी 23 ही जोडणी घ्यावी लागते. ती आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाच.

कागद पुरे नसले तर पॉलिसी असून नसल्यासारखी होते. ड्रायव्हरकडे त्या गाडीचं लायसन्स नसलं, फिटनेस किंवा परमिट संपलेलं असलं, तर विमा कंपनी तुझ्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडवते. अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई द्यायला लागली, तर ती देऊन तुझ्याकडून वसूल करते. हायवेवर मनोर, चारोटीला हात दाखवणाऱ्यांना ड्रायव्हर दयेने किंवा पन्नास रुपयांसाठी केबिनमध्ये घेतात. मालगाडीतल्या अशा प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. त्या कुटुंबाचं देणं मालकावर येतं. ओव्हरलोडही महागात पडतो. दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, हे झालं कायद्याचं. ब्रेक लागायला अंतर वाढतं, त्याची किंमत वेगळीच मोजावी लागते.

आता तारापूर एमआयडीसीचं. तुझे दोन टँकर रसायनं नेतात. त्या ड्रायव्हरांना धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते सांगणारा कागद, हवं, आणि त्यात काय लिहिलंय हे ड्रायव्हरला त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचा विमा मोटार पॉलिसीहून वेगळा आहे, तोही तपास.

टँकरचा एक जुना अपघात ऐक. 29 ऑक्टोबर 1987 ला सातारा जिल्ह्यात महामार्गावर पहाटे पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. गळणाऱ्या पेट्रोलभोवती माणसं जमली. सुमारे चार तासांनी भडका उडाला आणि जमलेल्यांतली माणसं मेली. टँकर आडवा पडून होता, चालत नव्हता, म्हणून हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात नव्हे, असा युक्तिवाद भरपाईच्या खटल्यात झाला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणून ड्रायव्हरला शिकव: टँकर कलंडला की आधी लोकांना लांब कर, विडी-काडी विझव, मग मालकाला फोन कर. आपल्या मेंढवण खिंडीत टँकर उलटतात ते तू पाहिलंयस. अर्धवट भरलेल्या टाकीतलं द्रव वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला घेऊन जातं. तिथे वेग आधीच उतरला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हरची झोप. ड्रायव्हर सकाळी आठला कारखान्याच्या गेटवर नंबर लावतो. लोडिंग संध्याकाळी होतं. तो दिवस आपण आरामात धरतो. तो मात्र उन्हात, रांग पुढे सरकली की गाडी सरकवत, डोळे उघडे ठेवून बसलेला असतो. रात्री नऊला नागझरीवरून चिल्हार फाटा गाठून तो हायवेला लागतो आणि पहाटे तीनला सुरतच्या पुढे त्याची मान लवते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले, ते याच्यासाठी. गेटवर आल्यापासून त्याचे तास मोज. उशीर झाला तर कारखान्याकडून हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, माग, गाडी पार्किंगला लाव आणि त्याला झोपू दे. लवकर पोचण्याचं बक्षीस आजपासून बंद कर. विनाअपघात सहा महिने गेले की बक्षीस दे.

आणि प्रत्येक गाडीत दोन लाकडी ठोकळे आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेव. बिघाड झाला की चाकाखाली दगड लावतात, मागे झाडाची फांदी टाकतात, आणि निघताना दगड रस्त्यातच सोडून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात तो दिसत नाही. रात्रपाळीला बोईसरकडे येणारी पोरं आपल्या गाड्या जातात त्याच रस्त्याने येतात. सीटबेल्ट केबिनमध्येही लावायला लाव. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावर मोटारीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्रींसारखा माणूस गेला, तो मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेला होता.

एक वही कर. लागलेला ओरखडा, थोडक्यात हुकलेली टक्कर, अचानक दाबलेला ब्रेक, सगळं तारीख आणि जागेसह लिही. तीन महिन्यांत कुठला ड्रायव्हर, कुठलं वळण, कुठली वेळ हे आपोआप समोर येईल. तीन वर्षांच्या क्लेमचा हिशोब आणि ही वही घेऊन विमा कंपनीशी बोललास, तर स्वतःच्या नुकसानीच्या भागात सूट मागायला तुझ्याकडे पुरावा असेल.

पॉलिसीची मुदत संपायच्या महिनाभर आधी सगळ्या गाड्यांचे कागद घेऊन पालघरला ये. एकेक पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचू. दादाला आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझी
आत्या