घरच्या घरी संगीत निर्मिती : पुन्हा सुरुवात करताना सॉफ्टवेअर आणि प्लगइन कसे निवडाल?



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी घरी रेकॉर्डिंग केलेलं असतं. कुणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर ‘कूल एडिट’ किंवा ‘फ्रूटी लूप्स’ घेऊन बसायचे. कुणी लॉकडाऊनमध्ये कविता चालीत म्हणून मुलांच्या पालकांना मोबाइलवर पाठवल्या. मग शाळा सुरू झाल्या, परीक्षा आल्या, ऑनलाइन माहिती भरणं आलं आणि ते सगळं मागे पडलं. आता पुन्हा हात घालावासा वाटतो, पण शोधायला गेलं की डोकं चक्रावतं. इतकी सॉफ्टवेअर, इतके प्लगइन! यातलं आपल्याला नेमकं काय लागतं?

या लेखात आपण हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या जमिनीवर उभं राहून सोडवू. कारण साखरशेतसारख्या गावात बसून सॉफ्टवेअर निवडणं आणि मुंबईच्या स्टुडिओत बसून निवडणं यात फरक आहे. आपल्याकडे वीज जाते, नेटवर्क जेमतेम असतं आणि कॉम्प्युटर जुना असतो. पण आपल्याकडे तारपा आहे, घांगळी आहे, थाळगाण आहे. हे आवाज कुठल्याही तयार सॉफ्टवेअरसोबत आयते मिळत नाहीत.

१) आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर

शिक्षकाचं किंवा पालकाचं काम सहसा या तीनपैकी एक असतं.

अ) आवाज ध्वनिमुद्रित करून नीट कापणं. उदा. कविता, पाढे, गोष्ट, परिपाठ.
आ) दोन-चार आवाज एकावर एक चढवणं. उदा. समूहगीत, ढोलकी आणि पेटी.
इ) कॉम्प्युटरवरच वाद्यं वाजवून नवीन संगीत तयार करणं.

पहिल्या कामाला जे पुरतं ते तिसऱ्याला पुरत नाही. आणि तिसऱ्यासाठी जे लागतं ते पहिल्यासाठी घेतलं, तर मेनू शोधण्यातच सुट्टी संपते. म्हणून वहीत एक ओळ लिहा, ‘मला येत्या तीन महिन्यांत काय तयार करायचं आहे?’ उत्तर लिहून झाल्यावरच पुढे जा.

२) मधल्या काळात काय बदललं?

‘कूल एडिट’ २००३ मध्ये अडोबीने घेतलं आणि त्याचं ‘ऑडिशन’ झालं. ‘फ्रूटी लूप्स’चं नाव ‘एफएल स्टुडिओ’ झालं. पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ‘केकवॉक’ची आहे. १९८० च्या दशकापासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं त्यावर काम करणारे लोक एका दिवसात अधांतरी झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं आणि पुढे मोफत दिलं, म्हणून निभावलं.

यातून घ्यायचा धडा असा, की सॉफ्टवेअर येतं-जातं, आपलं रेकॉर्डिंग टिकलं पाहिजे. प्रोजेक्ट फाइल फक्त त्या-त्या सॉफ्टवेअरलाच कळते. म्हणून काम संपलं की प्रत्येक आवाजाची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवा. ती वीस वर्षांनी दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दुसरा बदल प्लगइनचा. जुने प्लगइन बहुतेक ३२ बिटचे होते. आजची सॉफ्टवेअर ६४ बिटची आहेत, त्यात ते थेट चालत नाहीत. तेव्हा जुन्या सीडीवरचा खजिना उघडला नाही तर कॉम्प्युटर बिघडला असं समजू नका.

३) सॉफ्टवेअर : वहीसारखं निवडा

सॉफ्टवेअर म्हणजे वही आणि प्लगइन म्हणजे कंपासपेटीतली साधनं, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ निम्मा कमी होतो.

ऑडॅसिटी : २००० साली आलेलं, मोफत आणि मुक्त स्रोत. पहिल्या कामासाठी हेच घ्या. पूर्वी यात इफेक्ट दिला की तो आवाजात कायमचा मिसळायचा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट लावून, ऐकून, नको असेल तर काढताही येतो. जुन्या वापरकर्त्यांनी हे जरूर पाहावं.

रीपर : दुसऱ्या कामासाठी उत्तम. ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. डाउनलोड अगदी लहान आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. आपल्या नेटवर्कला हे मोठंच सुख.

एफएल स्टुडिओ : तिसऱ्या कामासाठी, विशेषतः तालावर खेळायला आवडणाऱ्या मुलांसाठी. पालकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होतं, पण बंद केल्यावर ती फाइल पुन्हा उघडता येत नाही. मूल हिरमुसण्याआधी हे सांगून ठेवा.

गॅरेजबँड : मोफत आहे, पण फक्त ॲपलच्या उपकरणांवर. बँडलॅब : मोबाइलवर चालतं, पण इंटरनेट लागतं.

‘क्रॅक’ केलेली आवृत्ती मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात हे आहेच, शिवाय शिक्षक चोरीचं सॉफ्टवेअर वापरतो हे मुलांना कळतंच कळतं.

४) प्लगइन : दहा नकोत, तीन पुरे

स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली. त्यामुळे एकाने बनवलेला प्लगइन दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसू लागला. तेव्हापासून बाजार भरून वाहतो आहे. घरच्या कामाला मात्र तीनच लागतात.

इक्वलायझर : आवाजातला घुमारा किंवा कर्कशपणा कमी करायला.
कॉम्प्रेसर : फार मोठा आणि फार हळू आवाज यातलं अंतर कमी करायला.
रिव्हर्ब : कोरड्या आवाजाला जागेचा भास द्यायला. हा मिठासारखा, चिमूटभरच.

हे तिन्ही रीपरसोबत येतात. तेच सहा महिने वापरा. त्यांच्यात काय कमी आहे हे तुमच्या कानाला सांगता आलं, तरच दुसरा शोधा. तेव्हा ‘टीडीआर नोव्हा’ हा इक्वलायझर, ‘व्हल्हाला सुपरमॅसिव्ह’ हा रिव्हर्ब आणि ‘सर्ज एक्सटी’ हा सिंथेसायझर, हे तिन्ही मोफत आहेत. तयार वाद्यांच्या आवाजांचे संच कित्येक जीबीचे असतात. ते घेण्याआधी नेटवर्क आणि हार्ड डिस्क दोन्ही बघा.

५) तारपा आणि बारा घरांची चौकट

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा. ही पियानोची चौकट. वेळेचेही असेच सारखे चौकोन पाडलेले असतात. आवाज या घरात बसला नाही, की सॉफ्टवेअर त्याला ‘दुरुस्त’ करायला तयारच असतं. १९९७ मध्ये आलेला ‘ऑटोट्यून’ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तो बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचं गणित करत होते. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं.

आता तारपा बघा. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा आणि सांध्यांना मेण. नळीवरची भोकं करणारा आपल्या हाताच्या आणि कानाच्या अंदाजाने पाडतो. दोन तारपे तंतोतंत एका सुरात नसतात. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो, गालातली हवा बाहेर जात असतानाच नाकाने श्वास घेतो. तो चाल बदलतो तसे भोवती फेर धरणाऱ्यांचे पाय बदलतात. लय ठरते ती पायांवर, मेट्रोनोमवर नाही.

हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या चौकटीत सरळ केलं, तर पडद्यावर सगळं नीटनेटकं दिसेल. पण ऐकू येईल ते दुसरंच काहीतरी. तारप्याचा सूर चुकलेला नसतो, तो वेगळ्या मोजमापाचा असतो. हे आपल्याला कळलं नाही, तर स्नेहसंमेलनात कीबोर्डवरचा नकली तारपा लावून आपण मुलांना नकळत शिकवतो, की तुझ्या आजोबांचं वाजवणं बेसूर आणि यंत्राचं बरोबर. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं ते तारपा वाजवण्यासाठीच. त्यांच्या वाजवण्याला कुणी चौकट लावली नव्हती.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना हे प्रश्न विचारा.

- ग्रीडला चिकटणं बंद करता येतं का? (रीपर आणि ऑडॅसिटीत येतं.)
- मेट्रोनोमशिवाय रेकॉर्ड करता येतं का?
- सोबत सिंथेसायझर वाजवायचा असेल, तर त्याचे सूर आपल्या वाद्याप्रमाणे लावता येतात का? (‘सर्ज एक्सटी’ मध्ये ‘स्काला’ नावाच्या फाइलने वेगळी सुरावट भरता येते.)

थोडक्यात, यंत्राने वाद्याच्या मागे जायचं, वाद्याने यंत्राच्या मागे नाही.

६) खोली, माइक आणि पाऊस

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी माइक आणि वायरचा हेडफोन, मग प्लगइन. खराब रेकॉर्डिंगला कुठलाही प्लगइन वाचवत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यावर ऐकत गाता येत नाही.

या उशिराला लेटन्सी म्हणतात. बफर ५१२ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असेल, तर ५१२ भागिले ४८,००० म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद उशीर. हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण पावणेचार मीटर जातो. म्हणजे साथीदार खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखं वाटेल. रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवा, नंतर मिक्सिंगच्या वेळी वाढवा.

सिमेंटच्या रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. त्यापेक्षा भाताची पोती रचलेली खोली चांगली. नाहीतर दोरीवर दोन-तीन गोधड्या टाका. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा नाद सोडा. त्या दिवसांत जुनं काम कापून-जोडून घ्या. लॅपटॉप चार्ज करून ठेवा आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, म्हणजे वीज गेली तरी काम थांबत नाही आणि चार्जरची गुणगुणही येत नाही.

तारपा जोरकस वाद्य आहे. माइक भोंग्याच्या तोंडासमोर धरू नका. दोन-तीन मीटर लांब आणि जरा बाजूला ठेवा, आणि मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं तर आवाज दाबला जातो. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

७) विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका

काही गाणी करमणुकीची नसतात. लग्नात धवलेरी गाते ती, किंवा भगत घांगळीवर, थाळीवर गातो ती देवाधर्माची असतात. त्यांची वेळ ठरलेली असते. आधी विचारा, कशासाठी हवं ते सांगा आणि नाही म्हणाले तर माइक बंद. हो म्हणाले तर गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि वाद्य फाइलसोबत लिहून ठेवा, आणि एक प्रत त्यांच्याच घरी द्या. त्यांच्या परवानगीशिवाय त्यावर ठेका चढवून कुठेही टाकू नका.

८) वर्गात करून पाहा

कृती १ (विज्ञान) : एकाच मुलाची कविता अर्ध्या हातावरून आणि दोन मीटरवरून रेकॉर्ड करा. पडद्यावरच्या लाटांची उंची पाहून मुलांना फरक सांगायला लावा.

कृती २ (गणित) : सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिट म्हणजे ३ बाइटचा. एका मिनिटाची फाइल केवढी? (उत्तर : ८६,४०,००० बाइट, म्हणजे साधारण साडेआठ एमबी.) मग १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये किती तास मावतील?

कृती ३ (परिसर अभ्यास) : गावातल्या तारपा वाजवणाऱ्याला शाळेत बोलवा. ट्यूनर ॲप लावून एकेक सूर बघा. काटा मधोमध येणार नाही. मग मुलांना विचारा, ‘चूक कुणाची? वाद्याची, ॲपची, की कुणाचीच नाही?’ उत्तर लगेच सांगू नका. त्यांना भांडू द्या.

तर मित्रहो, पुन्हा सुरुवात करायला एक साधं सॉफ्टवेअर, तीन प्लगइन, बरा माइक आणि गोधड्या एवढं पुरे. बाकीचा वेळ ऐकण्यात घालवा. भात कापणीनंतर दिवाळीच्या सुमारास पाड्यापाड्यांवर तारपा वाजू लागेल. तोवर कॉम्प्युटर, केबल आणि कान तयार ठेवूया.